आवाजासाठीं घरांतील एक कोपरा

बदलापूर स्टेशन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारें ६८ किलोमीटरांवर आहे. अंबरनाथ त्याच्या अलीकडे आणि उल्हासनगर त्याहूनही अलीकडे. पण तिन्ही गांवांतील माणसांची दिनचर्या एकाच लोहमार्गानें आंखून दिलेली आहे. जाहिरातींना आवाज देणें, माहितीपटांचें निवेदन करणें, परभाषेंतील चित्रपटांचे संवाद मराठींत वा हिंदींत म्हणणें, या कामाला हल्लीं सर्वत्र ‘व्हॉइस-ओव्हर’ म्हणतात. तें ज्या स्टुडिओंतून चालतें त्यांतील पुष्कळसे अंधेरी व तिच्या आसपासच्या उपनगरांत आहेत. अर्ध्या मिनिटाच्या मजकुराचा नमुना वाचून दाखविण्यासाठीं बदलापूरच्या माणसाला गाड्या बदलत जाण्यायेण्यांत जवळजवळ चार तास घालवावे लागतात. नमुना पसंत पडला नाहीं, म्हणजे भाडें गेलें आणि दिवसही गेला. घरीं तान्हें मूल किंवा अंथरुणाला खिळलेलें वडील माणूस असलेल्या गृहिणीला तर, कितीही गोड गळा असला तरी, हा मार्ग बंदच राहतो.

ही स्थिति २०२० सालीं बदलली. त्या वर्षीं मार्च महिन्यांत टाळेबंदी पुकारली गेली आणि लोकल गाड्या थांबल्या. सर्वसामान्य प्रवाशांना त्या १ फेब्रुवारी २०२१ पासून, तेंही ठराविक वेळांपुरत्याच, पुन्हां खुल्या झाल्या. मधल्या काळांत आवाजाचें काम करणाऱ्या अनेकांनीं कपड्यांच्या कपाटांत तोंड घालून, अंगावर रजई घेऊन ध्वनिमुद्रणें केलीं व तीं संदेशवहनाच्या तारेवरून धाडून दिलीं. गरजेपोटीं जें स्वीकारलें गेलें तें पुढें रीतच होऊन बसलें. आज नमुना घरून पाठवावा अशीच बहुतेकांची अपेक्षा असते आणि लहान कामें तर आरंभापासून शेवटपर्यंत घरींच होतात. बोलपुस्तकांनींही या कामांत भर घातली आहे. २०१७ सालच्या नोव्हेंबरांत ‘स्टोरीटेल’ ही स्वीडिश संस्था भारतांत आली, तेव्हां तिनें हिंदी व इंग्रजीबरोबर मराठी पुस्तकेंही वाचून घेतलीं.

तेव्हां प्रश्न असा उरतो कीं, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, मध्यम मिळकतीच्या कुटुंबाला असा स्टुडिओ उभारतां येईल काय? येईल. पण त्यासाठीं खर्चाचा क्रम उलटा करावा लागतो. नवशिका प्रथम महाग मायक्रोफोन आणतो आणि खोलीचा विचार शेवटीं करतो. वास्तविक मायक्रोफोन जितका चांगला, तितके खोलीचे दोष तो अधिक स्पष्टपणें ऐकवितो. म्हणून पहिला रुपया आणि पहिला आठवडा खोलीवर खर्च करावा.

खोलीचे दोष दोन प्रकारचे असतात. बाहेरचा गोंगाट आंत येतो, हा पहिला. आंतला आवाज भिंतींवर आपटून घुमत राहतो, हा दुसरा. या दोहोंचे उपाय अगदीं निराळे आहेत. एकाचें औषध दुसऱ्याला देण्यांतच बहुतेकांचा पैसा वायां जातो.

दुसऱ्या दोषाचा विचार आधीं करणें सोयीचें. अंबरनाथचें शिलाहारकालीन शिवमंदिर इसवी सन १०६० चें आहे. तशा पाषाणी सभामंडपांत उच्चारलेला शब्द विरण्यापूर्वीं बराच वेळ रेंगाळतो. मंत्रपठणाला ती गोष्ट शोभते, निवेदनाला मारक ठरते. फरशी, गिलावा आणि कांच यांनीं मढलेली नव्या इमारतींतील रिकामी खोली याच जातीची असते. तिच्यांत बोललेलें वाक्य मुद्रित केलें तर प्रत्येक शब्दाचें शेंपूट पुढच्या शब्दावर पडतें आणि ऐकणाराला बोलणारा एखाद्या हौदांत उभा आहे असें वाटतें.

या विषयाचें शास्त्र गाद्यांपासूनच सुरू झालें, ही गोष्ट काटकसरी माणसाला धीर देणारी आहे. १८९५ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयांत नवें व्याख्यानगृह बांधलें होतें. पण तेथें बोललेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही आणि व्याख्यान कोणास कळत नसे. त्याची चौकशी वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे सोंपविण्यांत आली. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रीं उचलून आणाव्या, त्या थोड्या थोड्या वाढवीत ऑर्गनच्या नळीचा सूर किती वेळांत विरतो हें मोजावें आणि उजाडण्यापूर्वीं गाद्या परत नेऊन ठेवाव्या, असा त्याचा क्रम होता. त्यांतून निघालेला नियम आजही वापरतात. खोलीचें घनफळ घनमीटरांत घेऊन त्यास ०.१६१ नें गुणावें आणि खोलींतील सर्व पृष्ठभाग मिळून जितका ध्वनि शोषतात त्या आंकड्यानें भागावें. म्हणजे आवाजाची शक्ति दशलक्षांशावर उतरण्यास किती सेकंद लागतात तें कळतें.

हा हिशेब घरच्या खोलीस लावून पाहावा. हिशेबाच्या सोयीसाठीं खोली लांबी, रुंदी व उंची तिन्ही बाजूंनीं तीन मीटर धरली तर तिचें घनफळ २७ घनमीटर व एकंदर पृष्ठभाग ५४ चौरस मीटर होतो. गिलावा व फरशी आवाजाचा शंभरांत सुमारें तीन भाग शोषतात. तेव्हां रिकाम्या खोलींत घुमण्याचा काळ सुमारें २.७ सेकंद येतो. शंभरांत साठ भाग शोषणारें जाड कापडी आच्छादन दहा चौरस मीटर भिंतीवर लावलें, तर तोच काळ ०.६ सेकंदांवर येतो. वीस चौरस मीटर लावलें तर सुमारें एक तृतीयांश सेकंद उरतो. निवेदनाला एवढें पुरेसें आहे. नभोवाणीच्या आरंभकाळीं मोठ्या संस्थाही हेंच करीत. १९२३ सालीं लंडनच्या सॅव्हॉय हिल येथें बी.बी.सी.चे स्टुडिओ थाटले गेले तेव्हां त्यांच्या भिंती जाड पडद्यांनीं झांकून टाकल्या होत्या.

साहित्याच्या बाबतींत या तीन गांवांइतकी सोय क्वचितच आढळेल. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. तेथील भाग आजही कॅम्प नंबर एक ते पांच याच नांवांनीं ओळखले जातात. त्या निर्वासितांनीं उभारलेल्या बाजारपेठांत लांकडी सामान, गाद्या आणि कापड या तिहींचा व्यापार जुना आहे; जीन्सच्या शिलाईचा धंदाही मोठा आहे. जीन्सच्या कापडाचे उरलेसुरले तुकडे हा आवाज शोषण्यास उत्तम माल होय; परदेशांत अशा चिंध्यांचे थर घरांच्या भिंतींत भरण्यासाठीं विकले जातात. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार इंच खोल अशी लांकडी चौकट सुताराकडून करवून घ्यावी, तींत चिंध्या सैलसर भराव्या, वर सुती कापड ताणून बसवावें आणि चौकट भिंतीपासून दोनचार इंच दूर टांगावी. मागें राहिलेली हवेची पोकळीही कामाला येते. अशा चार चौकटी, खालीं सतरंजी आणि पाठीमागें कपड्यांनीं भरलेलें उघडें कपाट, इतकें झालें कीं कोपरा तयार झाला. चौकटींनाही खर्च नको असेल तर वाळत घालण्याच्या दोन स्टँडांवर जुन्या गोधड्या टाकून आडोसा करतां येतो आणि काम संपल्यावर तो आवरून ठेवतां येतो.

येथें दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पातळ पडदा फक्त वरच्या सुरांना शोषतो. खालचे सूर त्याला जुमानीत नाहींत, कारण सेकंदाला शंभर कंपनें असलेल्या सुराची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. समोरासमोरच्या भिंती तीन मीटर दूर असल्या म्हणजे ५७, ११४ व १७१ कंपनांच्या आसपासचे सूर खोलींत फुगतात. पुरुषाचा बोलण्याचा मूळ सूर साधारणतः ८५ ते १८० कंपनांत असतो, म्हणजे यांतले दोन नेमके त्यांतच येतात. लांबी व रुंदी सारखी असेल तर हा दोष दुप्पट होतो. यास्तव चौरस खोलीच्या बरोबर मध्यभागीं मायक्रोफोन ठेवूं नये, आणि एखादी गुंडाळलेली गादी खोलीच्या कोपऱ्यांत उभी करावी. दुसरी सूचना अंड्यांच्या पुठ्ठ्यांविषयीं. ते भिंतीला चिकटविल्यानें स्टुडिओ होतो हा समज पसरलेला आहे. परंतु त्यांच्यानें बोलण्याचा आवाज फारच थोडा शोषला जातो आणि आगीचें भय मात्र वाढतें. थर्माकोलची गोष्टही तीच.

आतां बाहेरचा गोंगाट. गोधडीनें आगगाडीचा आवाज अडत नाहीं. ध्वनि अडविण्यास वजन लागतें. भिंतीचें वजन दुप्पट केलें तरी फार तर सहा डेसिबलांचा फरक पडतो. भाड्याच्या घरांत दुसरी भिंत बांधण्याचा विचारच नको. फटी बुजविणें मात्र सर्वांच्या आवांक्यांतलें आहे. दार वा खिडकी यांच्या शंभरांत एक भाग जरी फट राहिली, तरी उरलेलें बांधकाम कितीही भक्कम असलें तरी सर्व मिळून वीस डेसिबलांपलीकडे आवाज अडूं शकत नाहीं. शेदोनशे रुपयांची रबरी पट्टी दाराखिडक्यांना लावली तर जाड पडद्यांपेक्षां अधिक उपयोग होतो.

त्यानंतर उरतो तो वेळेचा प्रश्न. खोली निवडतांना लोहमार्गाकडील व रस्त्याकडील खोली टाळावी. सर्वांत वरच्या मजल्यावर पत्र्याचें छप्पर असेल, तर जून ते सप्टेंबर तेथें शब्दही मुद्रित होणार नाहीं. खिडकीवरचा पत्राही तसाच वाजतो. पावसाळ्यांत पुष्कळ वेळां घराची मधली, बिनखिडकीची जागा हीच सर्वांत शांत ठरते. एक आठवडाभर वहींत गाड्यांच्या, शाळेच्या घंटेच्या, लग्नाच्या वरातींच्या, शेजारच्या मिक्सरच्या वेळा टिपून ठेवाव्या. दुपारची वामकुक्षीची वेळ आणि मध्यरात्रीनंतरचा काळ, हे दोन अवकाश बहुधा सांपडतात. मध्यरात्र उलटल्यावर कांहीं तास लोकलची ये-जा थांबते. मालगाड्या व लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र चालू राहतात. गाडी आली तर थांबावें, ती गेल्यावर तें वाक्य पहिल्यापासून पुन्हां म्हणावें. वाक्याच्या मध्यें केलेलें ठिगळ कानाला कळतें. सॅबिननेंही आपलीं मापें रात्रीच्या शांततेंतच घेतलीं होतीं.

घरांतले शत्रू वेगळे आहेत. पंखा बंद करावा लागतो, म्हणून उन्हाळ्यांत पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे पाडून वाचावें. रेफ्रिजरेटर तेवढ्यापुरता बंद केल्यास तो पुन्हां लावण्याची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली त्याच्यावर ठेवावी. जुन्या नळीदिव्यांच्या चोकचा गुणगुणाट मुद्रणांत स्पष्ट येतो. लॅपटॉप शक्यतो भारित विद्युत्घटावर चालवावा. त्यानें चार्जरची घुरघुर जाते आणि मध्येंच वीज गेली तरी वाचलेलें पान वायां जात नाहीं.

एवढी सिद्धता झाल्यावरच मायक्रोफोनकडे वळावें. त्याचे मुख्य प्रकार दोन. कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन फार संवेदनशील असतो. शांत खोलींत तो सुंदर काम देतो, गोंगाटाच्या घरांत दूरचें कुत्रेंही टिपतो. डायनॅमिक जातीच्या मायक्रोफोनला तोंड जवळ न्यावें लागतें, पण तो आजूबाजूचें कमी ऐकतो. या गांवांतील बहुसंख्य घरांना दुसरा प्रकार अधिक मानवतो. दोहोंतही ‘कार्डिऑइड’ म्हणजे बदामाच्या आकाराचें ग्रहणक्षेत्र असलेला घ्यावा. तो पुढचें ऐकतो, मागचें जवळजवळ ऐकत नाहीं, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे करावी. यू.एस.बी.ची तार असलेला मायक्रोफोन सरळ संगणकाला जोडतां येतो व मध्यें दुसरें यंत्र लागत नाहीं. ज्याच्याजवळ तेवढेही पैसे नाहींत त्यानें मोबाइलवर, असंकुचित ‘वेव्ह’ स्वरूपांत मुद्रण करून सहा महिने सराव करावा. चांगल्या कोपऱ्यांत मोबाइलवर केलेलें मुद्रण वाईट खोलींतल्या महाग मायक्रोफोनपेक्षां सरस ठरतें.

तोंड व मायक्रोफोन यांत वीतभर अंतर असावें. अंतर दुप्पट झालें कीं थेट आवाज सहा डेसिबलांनीं उतरतो. खोलीचा घुमारा मात्र तितकाच राहतो. मराठी वाचणाऱ्याला आणखी एक अडचण येते. प, ब यांच्या जोडीला फ, भ, थ, ध, ख अशीं महाप्राण व्यंजनें आपल्या भाषेंत पावलोपावलीं येतात आणि प्रत्येकाबरोबर हवेचा झोत सुटतो. ‘भाकरी’ हा शब्द मायक्रोफोनवर धाडकन् आदळतो. भरतकामाच्या गोल कडीवर नायलॉनचा पातळ मोजा ताणून ती चार बोटें पुढें बसवावी आणि मायक्रोफोन तोंडाच्या अगदीं समोर न ठेवतां किंचित् बाजूला ठेवावा. ‘चाक’ मधला च आणि ‘चित्र’ मधला च यांतील भेद स्पष्ट उतरतो कीं नाहीं, हीही एक उत्तम परीक्षा आहे. पाणी पिऊन बसावें. कोरड्या तोंडाची चटचट मायक्रोफोनला लगेच ऐकूं येते.

मुद्रणासाठीं ‘ऑडॅसिटी’ ही संगणक-प्रणाली २००० सालापासून मोफत मिळते. सेकंदाला ४४,१०० नमुने हें प्रमाण ठेवावें, कारण माणसाचा कान फार तर वीस हजार कंपनें ऐकतो आणि नमुने त्याच्या दुपटीहून अधिक असावे लागतात. सोळा बिटांत, एकेरी मार्गानें केलेल्या तासाभराच्या मुद्रणाला सुमारें ३१८ मेगाबाइट जागा लागते. सर्वांत मोठा आवाज शून्यापासून सहा ते बारा डेसिबल खालीं राहील असें पाहावें. शून्यावर जाऊन फाटलेला आवाज पुढें कोणत्याही युक्तीनें नीट सांधतां येत नाहीं. आरंभीं दहा सेकंद मुकाट्यानें बसून खोलीची शांतता मुद्रित करावी. वाक्यांमधल्या जागा भरण्यास ती उपयोगीं पडते आणि कोपरा किती शांत आहे हेंही सांगते. ऑडिबल या कंपनीच्या एसीएक्स सेवेनें बोलपुस्तकांसाठीं घातलेली कसोटी सर्वत्र प्रमाण मानली जाते: सरासरी पातळी उणें २३ ते उणें १८ डेसिबल, सर्वोच्च टोंक उणें ३ च्या खालीं आणि शांततेंतला गोंगाट उणें ६० च्या खालीं. पहिल्या दोन अटी संगणक पुऱ्या करून देतो. तिसरी फक्त खोलीच पुरी करते.

खर्चाचा अंदाज असा. चौकटी, रबरी पट्टी व कापड यांना सुमारें तीन हजार रुपये, साधा यू.एस.बी. मायक्रोफोन तीन ते सहा हजार. कान पूर्ण झांकणारे हेडफोन दीड-दोन हजार. स्टँड व कडी मिळून हजारभर. संगणक घरांत असेल तर दहाबारा हजारांत सर्व भागतें. यांतील दीड-दोनशे रुपये हवाबंद डब्यासाठीं व सिलिका जेलच्या पुड्यांसाठीं राखून ठेवावे, कारण पावसाळ्यांत दमटपणा मायक्रोफोनला व गोधड्यांना सारखाच बाधतो. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें बदलापूरचे सखल भाग पाण्याखालीं गेले आणि २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली. तेव्हां यंत्रें जमिनीवर ठेवूं नयेत आणि केलेल्या कामाची एक प्रत घराबाहेर, दूरच्या साठ्यांत, अवश्य असावी.

याहून अधिक खर्च पहिलें काम मिळाल्याशिवाय करूं नये, आणि कर्ज तर मुळींच काढूं नये. यंत्रानें तयार केलेला आवाज आतां टेलिफोनवरील सूचना व तत्सम लहान कामें करूं लागला आहे; त्यामुळें नवशिक्याच्या पायरीवरचीं कामें कमी होत आहेत. मोठी फी घेऊन हमखास कामाचें आश्वासन देणाऱ्या वर्गांपासून दूर राहावें. आपल्या आवाजाचा उपयोग कोठें, किती काळ आणि यंत्राला शिकविण्यासाठीं होणार किंवा नाहीं, हें लेखी घेतल्याशिवाय एकही पान पाठवूं नये.

सरावासाठीं मात्र मजकुराची वाण नाहीं. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याचें लेखन सर्वांना खुलें होतें. हरि नारायण आपटे १९१९ सालीं आणि साने गुरुजी १९५० सालीं निवर्तले. त्यांचीं पुस्तकें घरीं वाचून मुद्रित करण्यास आज कोणाची परवानगी लागत नाहीं. उल्हासनगरच्या घरांतून सिंधी बोलली जाते, आणि १९६७ पासून ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत असूनही तिच्यांत स्पष्ट वाचणारे तरुण आवाज थोडे आहेत. अशा घराला दोन भाषांचा लाभ आहे. रोज एक पान वाचावें, दुसऱ्या दिवशीं तें साध्या इयरफोनवर ऐकावें आणि घरांतील ज्या माणसाला दृष्टीची अडचण आहे त्याला ऐकवावें. त्यानें मध्येंच ‘काय म्हणालास?’ असें विचारलें नाहीं आणि पुढचें पान मागितलें, तर त्या दिवसापासून कोपरा कामाला लागला असें समजावें.